प्रेअरीवरच्या लहान गावाशेजारी औद्योगिक जमीन घेताना : अल्बर्टातली क्रमवार वाट

कॅलगरी आणि एडमंटनमधल्या मराठी उद्योजकांकडून मला वारंवार एक विचारणा होते : शहरातले गोदामांचे भाव परवडत नाहीत, तेव्हा हायवे २ वरच्या एखाद्या लहान गावाजवळ वीस-पंचवीस एकर घेऊन स्वतःचं युनिट बांधावं का? कुणाचा ट्रकचा यार्ड असतो, कुणाचं फॅब्रिकेशन, कुणाचा मसाले किंवा डाळींच्या प्रक्रियेचा कारखाना. माझं उत्तर असतं, जरूर घ्या, पण कशाचे पैसे मोजताय ते आधी समजून घ्या. प्रेअरीवर मातीला फारसा भाव नाही. भाव आहे तो पाणी, सांडपाणी, वीज, रस्ता आणि परवानगी या पाच गोष्टींना. यातल्या दोन जरी नसल्या तरी स्वस्तात मिळालेली जमीन बांधकामाच्या वेळी शहराइतकी महाग पडते.

हे नीट समजावं म्हणून ओल्ड्स गाव डोळ्यांसमोर ठेवतो. कॅलगरीच्या उत्तरेला सुमारे नव्वद किलोमीटरवरचं, नऊ हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. १९१३ पासून इथे शेतकी कॉलेज आहे. गावातून हायवे २ए आणि सीपीकेसी या रेल्वे कंपनीचा मार्ग जातो, आणि पूर्वेला थोड्या अंतरावर हायवे २. भोवती माउंटन व्ह्यू काउंटीची शेती; काउंटी म्हणजे गावांबाहेरच्या ग्रामीण भागाचा कारभार पाहणारी स्थानिक संस्था. अल्बर्टातल्या बहुतेक लहान गावांचं चित्र थोड्याफार फरकाने असंच असतं. सस्कॅचेवान आणि मॅनिटोबात कायदे वेगळे, पण तपासण्यांचा क्रम तोच.

आधी पाहा : तुम्हाला ही जमीन घेता येते का?

कॅनडाचे नागरिक किंवा पीआर (कायम रहिवासी) असाल तर अडचण नाही. भारतातून गुंतवणूक करणाऱ्या नातेवाइकांना भागीदार करणार असाल, तर मात्र वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. गाव-शहरांच्या हद्दीबाहेरच्या जमिनीत परदेशी व्यक्तीला किंवा परदेशी नियंत्रणाखालच्या कंपनीला अल्बर्टात साधारणपणे जास्तीत जास्त दोन तुकडे, मिळून वीस एकर, एवढीच मुभा आहे. सस्कॅचेवानात शेतजमिनीसाठी ही मर्यादा दहा एकर, मॅनिटोबात चाळीस. कंपनीत कुणाचे किती टक्के शेअर यावर सगळं ठरतं, म्हणून कंपनीची रचना जमीन शोधण्याच्या आधी पक्की करा.

गरज आकड्यांत लिहून काढा

एका कागदावर लिहा : इमारत किती चौरस फूट, उघड्यावर माल किती, रोज ट्रक किती येणार, रोज पाणी किती घनमीटर लागणार, त्यातलं किती सांडपाणी होणार आणि ते कसल्या प्रकारचं, विजेचा कमाल भार किती किलोवॉट, थ्री-फेज हवी का. काउंटीचा नियोजन अधिकारी, वीज कंपनी आणि बँक तिघंही हेच विचारतात. हा कागद तयार असला की पहिल्या बैठकीतच खरं उत्तर मिळतं. तो नसला तर "बघू या, अर्ज तर करा" यापलीकडे कुणी बोलत नाही.

गावाच्या हद्दीत की काउंटीत?

एकाच रस्त्याच्या अलीकडे गाव आणि पलीकडे काउंटी, असं नेहमी दिसतं, आणि काउंटीकडचा एकरी भाव कमी असतो. फरक कशाचा ते पाहा. गावाच्या औद्योगिक भागात पाण्याची लाइन, गटार, हायड्रंट, डांबरी रस्ता प्लॉटपर्यंत आलेला असतो. काउंटीत बहुधा गिट्टीचा रस्ता, विहीर आणि सांडपाण्याची टाकी. शिवाय आग विझवण्याचं पाणी कुठून येणार, हा प्रश्न विमा कंपनी विचारते. ग्रामीण अग्निशमन दलं बहुतेक स्वयंसेवकांची असतात. जवळ हायड्रंट नसेल तर स्वतःचं पाण्याचं टाकं किंवा तळं बांधावं लागू शकतं, आणि तो खर्च जमिनीच्या किमतीत धरलेला नसतो.

ज्यांचं काम कोरडं आहे, म्हणजे ट्रक उभे करायचे, पाइप रचून ठेवायचे, शेतीची यंत्रं विकायची, त्यांना काउंटी उत्तम. ज्यांना प्रक्रियेसाठी पाणी लागतं त्यांनी गावातच पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी : इथे सर्वांत जास्त वेळ द्या

दक्षिण अल्बर्टात पाणी हक्काने वाटलं जातं, आणि तो हक्क सरकारी परवान्याने मिळतो. पूर्वी ज्याने परवाना घेतला त्याचा हक्क आधी, नंतरच्याचा नंतर. बो, ओल्डमन आणि साउथ सस्कॅचेवान या नद्यांच्या खोऱ्यांत २००६ च्या पाणी-आराखड्यानंतर नव्या परवान्यांचे अर्ज घेणं सरकारने थांबवलं. त्यामुळे कॅलगरीच्या दक्षिणेला हाय रिव्हर किंवा क्लेअर्सहोमच्या बाजूला जमीन घेतलीत, तर नदीच्या पाण्याचा नवा परवाना मिळत नाही. कुणाकडून तरी जुना हक्क विकत घ्यावा लागतो. कॅलगरीच्या उत्तरेला बालझाकजवळ मॉल आणि घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचा मोठा प्रकल्प आला, तेव्हा पाण्यासाठी वेस्टर्न इरिगेशन डिस्ट्रिक्टच्या हक्कातला हिस्सा दीड कोटी डॉलरच्या व्यवहारातून मिळवावा लागला. जमीन हातात होती, अडलं होतं ते पाण्यावर.

रेड डियर नदीचं उपखोरं या बंदीत आलं नाही. ओल्ड्स, डिड्सबरी, कार्स्टेअर्स, क्रॉसफील्ड, इनिसफेल, बाउडेन या गावांना माउंटन व्ह्यूचं प्रादेशिक पाणी-कमिशन रेड डियर नदीचं शुद्ध केलेलं पाणी जलवाहिनीने पुरवतं. ओल्ड्सचं सांडपाणीसुद्धा दुसऱ्या एका प्रादेशिक वाहिनीतून रेड डियर शहराकडे जातं. म्हणून या पट्ट्यात पाण्यावर चालणाऱ्या उद्योगाला जागा शोधणं तुलनेने सोपं आहे. तरीही गावाला "पाणी आहे का?" असं विचारू नका. "माझ्या या प्लॉटला रोज इतके घनमीटर, इतक्या दाबाने, कोणत्या वर्षापासून मिळतील आणि त्यासाठी ऑफ-साइट लेव्ही किती भरावी लागेल?" असं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. ऑफ-साइट लेव्ही म्हणजे नव्या विकासामुळे जलवाहिन्या, रस्ते, गटारं वाढवावी लागतात त्यातला तुमचा वाटा. काही ठिकाणी ती एकरी आकारली जाते आणि रक्कम डोळे विस्फारणारी असू शकते.

काउंटीत विहिरीवर भिस्त ठेवणाऱ्यांची एक ठरलेली गफलत होते. घरगुती वापरासाठी वर्षाला १,२५० घनमीटरपर्यंत भूजल विनापरवाना घेता येतं, ही सवलत अल्बर्टात आहे. पण ती घरापुरतीच. कारखान्याच्या विहिरीला पहिल्या थेंबापासून परवाना लागतो आणि त्यासाठी भूजलतज्ज्ञाचा चाचणी-अहवाल द्यावा लागतो. "शेजारच्या शेतात भरपूर पाणी लागलंय" हा पुरावा नव्हे.

टायटल कसं वाचायचं

आपल्याकडे सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यावर नाव असलं तरी मालकीचा वाद कोर्टात जाऊ शकतो, म्हणून आपण तीस-तीस वर्षांचे फेरफार काढून बघतो. अल्बर्टात टॉरेन्स पद्धत आहे. टायटलवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदपत्रावर, ज्याचं नाव तो मालक, आणि त्याची हमी सरकार घेतं. जुने दस्त उपसण्याची गरज नसते, पण समोरच्या कागदावरची प्रत्येक ओळ समजलीच पाहिजे. स्पिन-टू या सरकारी संकेतस्थळावरून थोडक्या पैशांत कुणालाही टायटलची प्रत काढता येते. ऑफर देण्याआधी ती काढा.

पहिल्या भागात जमिनीचं वर्णन असतं. उदाहरणार्थ, एनई-१४-३२-१-डब्ल्यू५. हे उजवीकडून डावीकडे वाचायचं : पाचव्या मेरिडियनच्या (मोजणीसाठी धरलेल्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) पश्चिमेला, पहिली रेंज, ३२वी टाउनशिप, १४वा सेक्शन, त्याचा ईशान्य चौथा भाग. १८७१ मध्ये सुरू झालेल्या मोजणीत सगळी प्रेअरी सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिपांत आखली गेली. एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा, आणि त्याचा पाव म्हणजे १६० एकरांचा क्वार्टर. सेक्शनचे क्रमांक आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात आणि बैल नांगराला वळतात तसे एक ओळ पश्चिमेकडे, पुढची पूर्वेकडे असे वर चढत जातात. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशाशिवायही जमीन कुठे आहे ते कळतं.

वर्णनाच्या खालच्या "वगळून" या ओळी बारकाईने वाचा. रेल्वेसाठी गेलेला पट्टा, रस्त्याच्या रुंदीकरणात गेलेले एकर, पूर्वी तोडून विकलेला तुकडा हे सगळं तिथे असतं. जाहिरातीत १६० एकर लिहिलेलं असतं आणि वजाबाकी केल्यावर कमी भरतात. याच ठिकाणी "सर्व खाणी व खनिजे वगळून" ही ओळ हमखास दिसेल. घाबरू नका, पण अर्थ समजून घ्या. अल्बर्टातले सुमारे ८१ टक्के खनिजहक्क प्रांताच्या मालकीचे आहेत, उरलेल्यातले बरेच पूर्वी रेल्वे आणि हडसन्स बे कंपनीकडे होते. तुम्ही घेता तो फक्त पृष्ठभाग. खालचं तेल-वायू काढण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याला कायद्याने पृष्ठभागावर येण्याचा मार्ग मिळू शकतो, तुम्हाला त्याची भरपाई मिळते.

शेवटच्या भागात बोजे : गहाण, कॅव्हिएट (कुणीतरी हक्क सांगितल्याची नोंद), युटिलिटी राइट-ऑफ-वे (तारा-पाइप नेण्याचा हक्क), सरफेस लीज (तेल-वायू कंपनीला दिलेला पृष्ठभागाचा भाडेपट्टा). फक्त यादी पाहून थांबू नका, प्रत्येक क्रमांकाचा मूळ दस्त आणि सोबतचा नकाशा मागवा. जुन्या गॅस पाइपलाइनचा पट्टा नेमका प्लॉटच्या मधून तिरका गेलेला असेल, तर त्यावर इमारत उभी राहत नाही, आणि पाइपलाइनच्या दोन्ही बाजूंच्या तीस मीटरांत खोदकामाआधी मालक कंपनीशी बोलावं लागतं. पंचवीस एकरांतले सहा-सात एकर असे अडकले की सगळा आराखडा बिघडतो.

विकणारा शेतकरी त्या क्वार्टरवर राहत असेल किंवा पूर्वी राहिलेला असेल, तर डाउअर अॅक्टखाली त्याच्या पत्नीची किंवा पतीची लेखी संमती लागते. टायटलवर एकाचंच नाव असलं तरीही. वकील हे पाहतोच, पण ऑफरवर सही घेतानाच विचारलेलं बरं.

शिवारात चाला, तेही एप्रिलमध्ये

जुलैत कॅनोलाच्या पिवळ्या फुलांनी भरलेलं शेत पाहून सगळी जमीन एकसारखी वाटते. बर्फ वितळताना जा. कुठे पाणी साचतं, ते बाहेर कुठे जातं, की कुठेच जात नाही, हे तेव्हाच कळतं. खळग्यांत पाणकणीस उगवलेलं असेल, कडेने पांढरी खारट साय धरलेली असेल, तर ती जागा कोरड्या वर्षीही ओलीच समजा.

या खळग्यांना इथे स्लू म्हणतात, आणि कायद्याने त्या पाणथळ जागा आहेत. त्या बुजवायला वॉटर अॅक्टची मंजुरी लागते. अल्बर्टाच्या २०१३ च्या पाणथळ-धोरणानुसार आधी टाळा, मग हानी कमी करा, आणि तरीही बुजवावी लागली तर मोबदला भरा, असा क्रम आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कायम पाणी राहणाऱ्या खळग्याचा तळ आणि काठ प्रांताच्या मालकीचा असतो, चारी बाजूंनी तुमचं टायटल असलं तरी. ऑफर देण्याआधी जुनी हवाई छायाचित्रं पाहा. प्रांताकडे अनेक दशकांची आहेत, आणि ओली व कोरडी वर्षं शेजारी ठेवली की सगळा उलगडा होतो.

नंतर विहिरी, म्हणजे तेलाच्या आणि वायूच्या. अल्बर्टाच्या ऊर्जा नियामकाच्या नकाशावर बंद केलेल्या विहिरी दिसतात. बंद विहिरीपासून किमान पाच मीटर अंतर सोडावं लागतं आणि तिथपर्यंत यंत्र पोचेल अशी वाट ठेवावी लागते. आंबट वायूची, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडयुक्त गॅसची सुविधा जवळ असेल, तर अंतरं बरीच वाढतात. शेताच्या मधोमध गिट्टीचा चौकोन, त्याच्याकडे जाणारी वाट आणि पीक विरळ आलेला पट्टा दिसला, तर तिथे पूर्वी काय होतं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यासाठीच पर्यावरणीय तपासणी. पहिला टप्पा कागदपत्रं, छायाचित्रं, मुलाखती आणि पाहणीचा. त्यात शंका आली तर दुसऱ्या टप्प्यात माती आणि भूजलाचे नमुने. जुना धान्य-एलेव्हेटर (धान्याचं उंच कोठार), खताचं गोदाम, डिझेलची टाकी, रेल्वेचा यार्ड यांच्या शेजारची जमीन असेल तर दुसऱ्या टप्प्याचा खर्च आधीच धरा. बँक पहिल्या टप्प्याचा अहवाल मागतेच. तो तुमच्या नावाने करून घ्या, विकणाऱ्याने दाखवलेल्या जुन्या अहवालावर विसंबू नका.

सोबत भू-तांत्रिक तपासणी. प्रेअरीची चिकणमाती ओलीने फुगते, सुकल्यावर आकसते, आणि हिवाळ्यात खोलवर गोठते. पाण्याच्या लाइनी म्हणूनच अडीच-तीन मीटर खोल पुरतात. पाया काँक्रीटच्या पाइलवर (जमिनीत खोल घातलेल्या खांबांवर) की स्क्रू पाइलवर, यार्डला किती जाडीची गिट्टी, हे बोअरहोलवरून ठरतं. ड्रिलिंगवाल्याला शेतात सोडण्याआधी काउंटीचे क्लबरूटचे नियम विचारा. कॅनोलाचा हा रोग टायरला चिकटलेल्या मातीतून पसरतो. यंत्र धुऊन, घासून आणलं नाही तर शेजारचे शेतकरी नाराज होतात, आणि याच मंडळींसमोर उद्या तुमची जनसुनावणी असते.

करार : जमिनीआधी मुदत विकत घ्या

वरच्या सगळ्या तपासण्यांना वेळ लागतो, म्हणून ऑफर नेहमी अटींसह द्या. डिपॉझिट वकिलाच्या किंवा ब्रोकरेजच्या ट्रस्ट खात्यात राहील. अटी पूर्ण झाल्या नाहीत तर परत मिळेल. अटी अशा : टायटल आणि बोज्यांचे दस्त समाधानकारक असणं, पर्यावरण व भू-तांत्रिक अहवाल, पाणी-वीज-रस्त्याची लेखी खात्री, कर्जमंजुरी, आणि झोनिंग, म्हणजे जमीन कशासाठी वापरता येते याचं वर्गीकरण, बदलायचं असेल तर त्याची मंजुरी. साध्या तपासण्यांना साठ ते नव्वद दिवस मागावेत. झोनिंगची अट असेल तर कित्येक महिने, आणि थोडी जादा रक्कम भरून मुदत वाढवण्याचा हक्क करारातच लिहून घ्यावा. शेतकऱ्याला पेरणी-कापणीची काळजी असते. "या हंगामाचं पीक तुमचंच" असं लिहून दिलं की मुदत देताना तो बराच मोकळा होतो.

तपासणीसाठी जमिनीवर जाण्याची आणि बोअर घेण्याची परवानगीही करारात हवी. अटी उठवल्याचं पत्र एकदा सही करून दिलं की डिपॉझिट पणाला लागतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यात एकही उत्तर तोंडी राहू देऊ नका.

झोनिंग, तोडणी, परवाने

शेती झोनची जमीन औद्योगिक करायची तर काउंटीच्या लँड यूज बायलॉमध्ये, म्हणजे जमीन-वापराच्या नियमावलीत, दुरुस्ती लागते. आपल्या एनए परवानगीशी तिचं साम्य वाटेल, पण इथे निर्णय निवडून आलेली कौन्सिल जाहीर सुनावणी घेऊन करते, आणि तिच्या नकाराविरुद्ध अपील मंडळाकडे जाता येत नाही. म्हणून आधीच एरिया स्ट्रक्चर प्लॅनमध्ये (त्या भागाच्या विकास-आराखड्यात) उद्योगासाठी दाखवलेल्या भागातच जमीन शोधा. गाव आणि काउंटी यांच्यात संयुक्त आराखडा असतो, तोही वाचा. गावाच्या वाढीच्या दिशेतल्या जमिनीवर गावाचं मत विचारलं जातं. सुनावणीआधी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन आवाज, धूळ, रात्रीचे दिवे आणि ट्रकचा मार्ग याबद्दल स्वतः बोला. माझ्या अनुभवात विरोधाची निम्मी पत्रं अशा भेटींनी लिहिलीच जात नाहीत.

क्वार्टरमधून तुकडा तोडून घेत असाल तर सबडिव्हिजनचा, म्हणजे जमीन तोडण्याचा, अर्ज. पूर्ण अर्जावर निर्णयाची मुदत ६० दिवस. काउंटी दहा टक्क्यांपर्यंत जमीन किंवा तितके पैसे म्युनिसिपल रिझर्व्ह (सार्वजनिक वापरासाठीची राखीव जागा) म्हणून मागू शकते. क्वार्टरमधून पहिलाच एक तुकडा निघत असेल तर हा बोजा पडत नाही. त्यामुळे या क्वार्टरमधून आधी काही तोडलंय का, हा प्रश्न पैशाचा आहे. डेव्हलपमेंट परमिटच्या (प्लॉटवरच्या कामाच्या परवान्याच्या) निर्णयाची मुदत ४० दिवस, आणि निर्णयानंतर २१ दिवस अपीलाची वाट. ते संपेपर्यंत माती हलवू नका.

प्रांतिक हायवेच्या हद्दीपासून ३०० मीटरांत किंवा हायवे-रस्ता चौकाच्या मध्यापासून ८०० मीटरांत काम असेल तर प्रांताच्या वाहतूक खात्याचीही परवानगी लागते. हायवेलगत पाटी दिसावी म्हणून जमीन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, दिसणं वेगळं आणि थेट प्रवेश मिळणं वेगळं. प्रवेश बहुधा मागच्या काउंटी रस्त्यावरूनच मिळतो. त्या रस्त्यावर वसंतात रोड बॅन लागतो का ते विचारा. बर्फ वितळताना दर अॅक्सलमागे चालणारं कमाल वजन कमी केलं जातं, आणि तुमचे ट्रक अर्धवट भरून धावले तर वर्षाचं गणित बदलतं.

विजेबद्दल थोडक्यात : जवळून तार जाते म्हणजे थ्री-फेज आहे असं नाही. ओल्ड्सच्या परिसरातली वितरण कंपनी फोर्टिसअल्बर्टा. तिच्याकडे भाराचा आकडा देऊन जोडणीचा लेखी अंदाज आणि लागणारे महिने दोन्ही मागा.

पैसे आणि ताबा

कच्च्या जमिनीवर बँक इमारतीइतकं कर्ज देत नाही. किमतीच्या निम्मी रक्कम आपली धरून चाला, किंवा विकणाऱ्यालाच काही रक्कम गहाणावर ठेवायला तयार करा. निवृत्त होणारे शेतकरी पुष्कळदा होकार देतात. अल्बर्टात जमीन हस्तांतरण कर नाही, नोंदणी शुल्क आहे. व्यावसायिक जमिनीवर पाच टक्के जीएसटी लागतो. खरेदीदार कंपनी जीएसटीला नोंदलेली असली तर तो विकणाऱ्याला न देता स्वतःच्या विवरणपत्रात दाखवता येतो, म्हणून नोंदणी ताब्याच्या आधी उरका.

ताबा मिळाल्यावर बांधकामाला वर्षभर अवकाश असेल तर जमीन पडीक ठेवू नका. शेजारच्या शेतकऱ्याला लेखी करारावर कसायला द्या. पीक चालू असेपर्यंत तिची कर-आकारणी शेतजमिनीच्या नियंत्रित दराने होते, जो बाजारभावाच्या तुलनेत अगदी कमी असतो. पीक थांबलं की आकारणी बाजारमूल्यावर जाते. करारात तण काढण्याची जबाबदारी, बोअरहोलच्या खुणा न हलवण्याची अट आणि बांधकाम सुरू करायच्या आधी किती दिवसांची सूचना द्यायची हे लिहा. मोजणीदाराने कोपऱ्यांवर ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांचे फोटो काढून ठेवा आणि त्या दिवशी त्या शेतकऱ्याला बरोबर घेऊन चारही कोपरे दाखवा.